वाचक विचारतात: बाबांचं बत्तीस बोर अन् मिस्त्रीचं काजळ

मागच्या अंकात शेतीच्या गप्पांत सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की माझ्या लायसनच्या रिव्हॉल्वरची मूठ मी एका म्हाताऱ्या गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या मिस्त्रीकडून, हाताच्या मापानं बनवून घेतली. बस. सोयाबीनच्या खोडमाशीवर दोन पानं लिहिली त्यावर एक पत्र नाही, अन् या एका ओळीवर पत्रंच पत्रं. म्हणून या महिन्याचा सगळा कॉलम त्यालाच देतो. आधीच सांगून ठेवतो, मी मिस्त्री नाही. संत्रा-कापसाचा शेतकरी आहे, लायसनवाला आहे, अन् तीस वर्षं त्या मिस्त्रीच्या दुकानात बाकड्यावर बसून चहा प्यायलो, तेवढीच माझी डिग्री.

प्रश्न: काका, माह्या बाबांनं वीसेक वर्षांआधी घेतलेलं कानपूरचं बत्तीस बोर रिव्हॉल्वर आता माह्या नावावर झालं, लायसन बी झालं. पण मूठ हातात बसत नाई, खालचा कोपरा तळव्यात रुतते. चाप एवढा जड का बोट थरथरते. मले ते मस्त कस्टमाइज करून घ्यायचं हाय, म्हणजे चाप हलका, नळी जराशी छोटी, वरून चांदीवानी निकेल पॉलिश, अन् बाजूले बाबाचं नाव. आमच्या गावाजवळ लेथवाला हाय, तो म्हणते मी करून देतो. करू का?
(एक संत्रा बागायतदार, ता. वरूड)

उत्तर: भाऊ, लेथवाल्याला आधी नाही म्हणा, मग बाकीचं वाचा. तो माणूस वाईट आहे म्हणून नाही, पंपाचा शाफ्ट तो माझ्यापेक्षा हजारपट चांगला करतो. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही लायसन लागतं, नुसती विकायला-बनवायलाच लागतं असं नाही. त्याच्याकडे ते नसलं तर तोही अडकतो अन् तुम्हीही. गनस्मिथच्या दुकानात भिंतीवर त्याचं लायसन लावलेलं असतं, वही असते, तुमचं लायसन पाहून नंबर टाकून घेतो, पावती देतो. जो लायसन न बघताच "ठेवून जा भाऊ" म्हणतो त्याच्या दुकानातून उलट्या पावली निघा.

आता मूठ धरून तुमच्या पाच मागण्या आहेत. त्यातली एक लाखमोलाची, एक अर्धी बरोबर, दोन तर सरळ कोर्टात नेणाऱ्या, अन् नावाची ती सोपी.

लाखमोलाची ती मुठीची. कारखान्यातली मूठ सगळ्यांच्या हातासाठी बनते म्हणजे कोणाच्याच हातासाठी बनत नाही. माझा हात रुंद, बोटं आखूड, त्यामुळं चापावर बोट टेकवायला मी मूठ थोडी फिरवून धरायचो अन् प्रत्येक गोळी डावीकडं. मी वर्षभर नळीला शिव्या घातल्या. मिस्त्रीनं रिव्हॉल्वर घेतलं, उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहिलं, मला दाखवलं, मग आत हाक मारून बायकोला म्हणाला, जरा कणीक दे. मी म्हटलं आता हा पोळ्या करतो का. त्यानं जुन्या लाकडी पट्ट्या काढल्या, मोकळ्या लोखंडाला प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, त्यावर घट्ट मळलेली कणीक थापली अन् म्हणाला, डोळे मिटा, हात खाली सोडा, आता वर घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडं रोखा, बघू नका, नुसतं धरा. मी धरलं. डोळे उघडले तर कणकेत माझी तीन बोटं, तळव्याची गादी, अंगठ्याच्या मुळाचा खड्डा, सगळं उमटलेलं. करंगळीला जागाच नव्हती, ती खाली हवेत. "हे पाहा," म्हणाला, "तुमची करंगळी बेरोजगार आहे म्हणून गोळी डावीकडं जाते."

मी सागवान घेऊन गेलो होतो, चंद्रपूरकडचं चांगलं जुनं, घराच्या फाटकाचं. त्यानं बाजूला ठेवलं. साग दारं-खिडक्यांना राजा, पण मुठीला त्याचे रेषे मोकळे, बारीक जाळी कोरायला गेलं की कडा उडतात. त्यानं शिसवाचा तुकडा काढला, काळपट, दगडासारखा जड. मग जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. तेलाचा दिवा लावला, वर पितळी झाकण धरलं, काजळ धरलं, जसं आपल्याकडं बाळासाठी धरतात तसंच. ते काजळ जराशा तेलात कालवून लोखंडाच्या चौकटीला पुसलं, लाकूड त्यावर दाबलं, काढलं. जिथं लाकूड टेकलं तिथं काळा ठिपका. तेवढाच ठिपका खरवडायचा, परत काजळ, परत दाबायचं. दोन दिवस हेच. शेवटी दाबलं तर सगळीकडं सारखं काळं झालं, म्हणजे लाकूड अन् लोखंड यांच्यात केसाचीही फट नाही. अशी मूठ झटक्यानं तडकत नाही, कारण धक्का एका जागी न बसता सगळ्या अंगावर वाटला जातो. गोळ्या डावीकडं जायच्या थांबल्या, अन् नळीला मी घातलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

चापाची मागणी अर्धी बरोबर. आपलं कानपूरचं बत्तीस म्हणजे इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्वरच्या घराण्यातलं, वरची खिटी दाबली की मधून मोडतं अन् रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) न ओढता नुसत्या चापानं चालवलं तर तो एकच चाप घोडा मागं नेतो, चरखी (काडतुसांच्या घरांचा गोल भाग) फिरवतो, कमान म्हणजे स्प्रिंग दाबतो अन् वरून सोडतोही, जड लागणारच ना बाप्पा. आधी घोडा अंगठ्यानं ओढून ठेवला तर चाप हलका होतो, तो फरक यामुळंच. चांगला मिस्त्री काय करतो, आतले जे दोन-तीन भाग एकमेकांवर घासतात त्यांचं मशीनचं खरबडेपण बारीक दगडानं काढतो. वजन कमी होवो न होवो, चापाचं अडखळणं जातं, अन् बोटाला त्रास वजनापेक्षा त्या अडखळण्याचाच जास्त होतो. स्प्रिंगचा काटा लावून आधीचं अन् नंतरचं वजन दाखवायला सांगा, खरा मिस्त्री दाखवतो.

पण कमान? कमानीला हात लावू देऊ नका. इथं माझी जुनी बेवकूफी सांगतो. मिस्त्रीची ओळख व्हायच्या आधी मी एका ओळखीच्या कारागिराकडून मेन स्प्रिंग घासून पातळ करून घेतली होती, लायसन-बियसन काही नसलेल्या, चूक शंभर टक्के माझीच. चाप लोण्यासारखा झाला. रेंजवर गेलो, पहिली उडाली, दुसरी टक करून गप्प. घोड्याला जोरच उरला नव्हता, काडतुसाच्या बुडावर नुसता उथळ खळगा. अशा वेळी लगेच उघडून बघायचं नसतं, तोंड निशाण्याकडंच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. ते तीस सेकंद मला तीस वर्षांसारखे गेले. नवीन कमान घालावी लागली अन् मिस्त्रीनं जुनी कमान त्याच्या खिळ्याला टांगून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला, माझं नाव सांगून.

आता नळी छोटी करणं. भाऊ, हे विसरूनच जा. नळी कापण्यासाठी कायद्यात वेगळं कलमच आहे, कलम ६, तुमच्या साध्या लायसनवर ते बसत नाही. अन् करून तरी काय मिळणार, या रिव्हॉल्वरची नळी आधीच तीन इंचाची. तिच्यातलं बोटभर अजून कापलं तर आवाज अन् जाळ वाढेल, नेम जाईल, समोरची माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, तोही जाईल.

निकेलचं ऐका, कारण यात लोक फसतात, दिसायला निर्दोष वाटतं ना. प्लेटिंगवाल्याकडं दिलं की तो आधी बफ मारतो अन् मग अॅसिडच्या टाकीत बुडवतो. बफनं काय होतं, चौकटीवरचा नंबर अन् कारखान्याचा शिक्का झिजतो, कडा गोल होतात, वरून निकेल बसलं की नंबर वाचताच येत नाही. कलम ८ मधे ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा सरळ गुन्हा आहे, अन् रिन्यूअलला गेल्यावर साहेब भिंग घेऊन नंबर शोधतो अन् सापडत नाही, तेव्हा "चमकवायला दिलं होतं साहेब" हे कोणी ऐकत नाही. दुसरं असं की अॅसिडमधे अन् करंट लावून प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, अन् कमानीसारखा भाग ठिसूळ होतो. बाहेरून चांदी, आतून खारी बिस्किट. रंगच हवा असेल तर गनस्मिथकडून ब्लूइंग करून घ्या, ते म्हणजे मुद्दाम आणलेला अन् उकळून काळा केलेला शहाणा गंज, नंबर जसाच्या तसा राहतो. चमकत नाही, पण बंदुकीनं चमकावं कशाला, ती काय लग्नातली घोडी आहे का.

बाबांचं नाव? घाला ना. पण लोखंडावर नाही, लाकडावर. मुठीत चांदीची नखाएवढी टिकली बसवायची अन् त्यावर नाव. उद्या मूठ बदलली तरी टिकली काढून देव्हाऱ्यात ठेवता येते.

या पाचांत तुम्ही न विचारलेली सहावी गोष्ट मी सांगतो, अन् मिस्त्रीकडं गेलात की पहिलं तेच करून घ्या. चरखीचं टायमिंग. घोडा हळूहळू मागं ओढला तर तो पूर्ण मागं जायच्या आत चरखी खट्टकन कुलूप व्हायला पाहिजे. वीस वर्षांत ते दात झिजतात, मग घर अन् नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीची कड नळीच्या तोंडावर घासते अन् शिसं बाजूला उडतं. शेजारी उभ्या माणसाच्या गालात जातं. मिस्त्री नळीतून एक मापाचा रॉड घालून सहाही घरं तपासतो. चरखी अन् नळी यांच्यामधली फटही मोजतो, ती साधारण वहीच्या एका-दोन पानांएवढी असावी, त्याहून जास्त झाली की तिथून गरम वाफ फुटते. (म्हणूनच दुसऱ्या हाताचं बोट कधी त्या फटीजवळ ठेवू नये, सिनेमात काय वाट्टेल ते करू दे.) मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्वरची खिटी अन् बिजागरीची खीळ ढिली झाली का तेही बघायला सांगा. बंद करून कानाशी हलवलं अन् खुळखुळ आली तर आधी ती दुरुस्ती, मग मूठ-बिठ.

अन् तुम्ही वरूडचे, म्हणून एक. तुम्हाला पांढुर्णा जवळ, तिकडून पुढं मध्य प्रदेशात जबलपूरला कोणी चांगला कारागीर आहे असं ऐकून निघाल. लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा. महाराष्ट्रापुरतं असेल तर नाका ओलांडायचा नाही. तुम्हाला वेळ नसेल अन् भावाच्या हाती मिस्त्रीकडं पाठवायचं असेल तर कलम ३ मधे सोय आहे, दुरुस्तीसाठी लायसनधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस नेऊ शकतो. पण चिठ्ठी खरी लिहा, सही-तारीख-नंबरासकट, "भाऊ नेतोय" असा व्हॉट्सअॅप मेसेज चालत नाही.

प्रश्न: नमस्कार. माझे मिस्टर गेल्या वर्षी वारले. त्यांचं रिव्हॉल्वर आम्ही ठाण्यात जमा केलं आहे. शेतावरच्या घरात मी अन् सासूबाई दोघीच असतो, मला ते माझ्या नावावर करायचं आहे. माझा हात लहान आहे, मूठ बारीक करून मिळते का? की ते नवीन हलकं रिव्हॉल्वर घेऊ?
(एक भगिनी, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, जमा केलंत हे फार बरं केलंत, बरेच लोक कपाटात ठेवून देतात अन् नकळत गुन्हेगार होतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला लायसन द्यायची तरतूद आहे, धारक वारल्यावर तर आहेच, पण जिवंतपणीही वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, जे आधी होईल तेव्हा, तो वारसाचं नाव देऊ शकतो. (हे इतर वाचकांतल्या आजोबांनीही वाचावं.) बाकी वारसांचं ना-हरकत पत्र अन् सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट तयार ठेवा. लायसन हातात आल्याशिवाय मिस्त्रीकडं जाऊ नका.

मूठ बारीक होते, आरामात. मोठ्या मुठीपेक्षा ते काम सोपं, लाकूड काढायचंच असतं. मिस्त्रीला सांगा की बोटाचं पहिलं पेर चापावर नीट आलं पाहिजे, टोकानं ओढावं लागू नये. मागची बाजू पातळ केली की चाप आपोआप जवळ येतो.

हलक्याचं म्हणाल तर कानपूरचं निर्भीक २०१४ मधे आलं, टायटॅनियमचं, साधारण ५०० ग्रॅमचं, बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली. पर्समधे हलकं, खरंच. पण काडतूस तेच बत्तीसचं, अन् अंग जितकं हलकं तितका झटका मनगटाला जास्त, हे जाहिरातवाला सांगत नाही. २०२३ मधे प्रबल आलं, त्यात चरखी बाजूला उघडते, भरायला सोपं, रिकामं वजन ६७५ ग्रॅम. माझं मत विचाराल तर मिस्टरांचं जड रिव्हॉल्वर अन् तुमच्या हाताची मूठ, हे जास्त बरं. जडपणा नेहमी दुश्मन नसतो. घेऊन जाताना सासूबाईंनाही न्या, त्यांना भीती असेल तर रिकामं उघडून कसं तपासायचं एवढं तरी दाखवा, घरात ज्याला लायसन नाही त्यानंही ते कुठं अन् कसं आहे हे ओळखायला पाहिजे. हात लावायला नाही, लांब राहायला.

प्रश्न: सर आमच्याकडं मोहफुलाच्या दिवसांत वाघाची लय भीती, अन् डुकरं तर धान ठेवतच नाहीत. बत्तीस बोरमधे जास्त पावरचं काडतूस बसवता येईल असं मॉडिफाय होते का?
(ता. ब्रह्मपुरी)

उत्तर: नाही, अन् कोणी हो म्हणाला तर तो तुमचा हात उडवणार आहे. बत्तीसचं काडतूस १८९६ पासूनचं, त्या दाबाला ही चौकट बनलेली. पुढं त्याच जाडीची लांब मॅग्नम काडतुसं अमेरिकेत निघाली, ती या मधून मोडणाऱ्या बिजागरीसाठी नाहीतच.

वाघासमोर रिव्हॉल्वर म्हणजे पुराला छत्री. नुसता जखमी झाला तर तो आणखी चार गावांना भारी, अन् वाघ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला. स्वतःच्या जिवाच्या बचावाची गोष्ट कायद्यात वेगळी आहे, पण त्यासाठी हत्यार घेऊन जंगलात जाणं वेगळं. मोहफुलाला चार-पाच जण मिळून, उजाडल्यावर जा, खाली वाकताना एकानं उभं राहून बोलत राहावं, ते जास्त कामाचं.

डुकरांसाठी शेतकऱ्याला पीक संरक्षणाचं लायसन वेगळं मिळतं, ठासणीच्या बंदुकीचं, शस्त्र कायद्याच्या कलम १३ मधे आहे, अन् ठासणीची पुरत नाही असं पटलं तर दुसऱ्या बिनगिरमिटी, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचंही. पण बंदूक मिळाली म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही, ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. दोन कागद, दोन ऑफिसं.

प्रश्न: बारशिंगाची मूठ बसवून मिळेल का? अन् गनस्मिथ हे काम शिकतात कुठं?
(एक कॉलेज विद्यार्थी, वर्धा)

उत्तर: शिंगाचं नाव काढू नका, वन्यजीव कायदा आहे, जुनं आजोबांच्या काळचं भिंतीवरचं असलं तरी. शिसव बघा, बीजाचं लाकूड बघा.

माझ्या मिस्त्रीचा उस्ताद मुंगेरचा होता. बिहारमधलं मुंगेर, तिथं मीर कासिमनं १७६२ मधे राजधानी हलवली अन् बंदुकीचा कारखाना काढला, तेव्हापासून तिथं घराघरांत ही कारागिरी. आता त्या गावाचं नाव बेकायदा गावठी कट्ट्यांमुळं बदनाम, पण लायसनच्या दुनळ्या बनवणारे हातही तिथलेच. आपल्याकडं शिकलगार हे आडनाव ऐकलं असेल, हत्यारांना धार-चकाकी देणाऱ्यांचं ते काम. माझ्या मिस्त्रीचा मुलगा नागपुरात मोबाइल दुरुस्त करतो. काजळाचा दिवा त्याला मायक्रोस्कोपपेक्षा स्लो वाटतो.

प्रश्न: निवडणुकीत रिव्हॉल्वर जमा केलं होतं, परत मिळालं तर गंजाचे डाग. आता पॉलिश करू का?
(ता. चांदूर रेल्वे)

उत्तर: माझंही एकदा असंच झालं, पावसाळा मधे आला होता. सँडपेपर लावू नका, ब्लूइंग निघून नवा गंज दुप्पट चढतो. जरासं बंदुकीचं तेल, बारीक पितळी ब्रश, हलक्या हातानं. खड्डे पडले असतील तर मिस्त्री. पुढच्या वेळी जमा करताना तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळून द्या, पावतीवर नंबर अन् स्थिती लिहून घ्या, मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा. घरीही चामड्याच्या कव्हरात ठेवायचं नाही, चामडं ओल पितं अन् रात्रभर लोखंडाला पाजतं. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा झाला अन् पोरं झोपली, की काढून पुसतो. मुठीवरच्या शिसवाला थोडं जवसाचं तेल, ते आपल्याकडं घरात असतंच.